डब्यातली वीट

"मू-हुओ, तुझा डबा अजून होता तेवढाच जड आहे की!" आ-स्वान काका अँप्लिफायर उचलून पोटाशी धरत म्हणाले.

युंग-शुनने नजर चोरली. डबा जड असणारच. आत वीट होती, आणि ती त्यानेच ठेवली होती.

देवळासमोरच्या वडाखाली संध्याकाळी गाणाऱ्या मंडळींचे आ-स्वान काका म्होरके. माझू देवीचा उत्सव तोंडावर आला होता आणि मंडळींचा अँप्लिफायर ऐन वेळी बिघडला होता. म्हणून ते मू-हुओंचा मागायला आले होते. मू-हुओ म्हणजे युंग-शुनचे वडील, त्याचे अ-पा. वडाखालचं शेवटचं गाणं नेहमी त्यांचंच असायचं. त्यांच्या अँप्लिफायरला एक खोड होती. बटण दाबलं की तो आधी जोरात घरघरायचा. अ-पा सावकाश कॉलरचं बटण लावायचे, घरघर स्थिरावू द्यायचे आणि मगच माइक उचलायचे. "आधी डबा गातो, मग मू-हुओ," अशी सगळे थट्टा करायचे.

हिवाळ्यात अ-पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला टेकवून बोलायचं एक बॅटरीचं नळकांडं दवाखान्याने दिलं होतं. त्यातून पहिला शब्द निघाला तो पत्र्यासारखा, एकसुरी. अ-पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यापासून ते नळकांडं खणात पडून होतं.

ऑपरेशनच्या दिवशी युंग-शुन अ-पांचे कपडे न्यायला घरी आला होता. मागच्या पत्र्याच्या खोलीत त्याने हौसेने जोडलेलं लाकूड कोरायचं यंत्र होतं. त्याचा विकतचा पॉवर सप्लाय काही केल्या टिकत नव्हता. धावत्या मोटारी एकदम थांबल्या की उलटा झटका बसून तो बंद पडायचा, आणि अर्धवट कोरलेली फळी वाया जायची. या छंदातले मित्र एकच सांगत होते, भक्कम ट्रान्सफॉर्मर शोध, त्यापुढे मोठे कपॅसिटर लाव आणि सप्लाय स्वतः बनव. तसा ट्रान्सफॉर्मर बैठकीतच होता, भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेल्या अ-पांच्या अँप्लिफायरमध्ये.

आता ते कुठे गाणार आहेत, असं त्याच्या मनात आलं. अ-पा तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते. त्याने स्क्रू काढले, ट्रान्सफॉर्मर काढून घेतला, आणि पुसताना आईला डबा हलका लागू नये म्हणून आत कापडात गुंडाळलेली वीट ठेवली. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. "रस्त्यात गर्दी होती का रे?" आईने विचारलं. तो हो म्हणाला.

त्या सप्लायवर यंत्र एकदाही अडलं नाही. तेच त्याला खात होतं. निदान तो ट्रान्सफॉर्मर जळला असता तर थोडी तरी फेड झाली असती. वर अ-पा रोज संध्याकाळी स्टूल घेऊन त्या खोलीत येऊन बसायचे. कोरीव काम दिसतं त्या बाजूला नाही, कोपऱ्यात, सप्लायच्या पेटीजवळ, डोळे मिटून. युंग-शुनला त्यांच्याकडे बघवत नसे. माणूस बिचारा कौतुकाने येऊन बसतो आणि आपण काय केलंय! सांगून टाकावं असं कितीदा वाटलं. पण सांगणार काय? तुम्ही टेबलावर होता, तेवढ्यात मी तुमचं गाणं संपवून आलो?

काका दाराकडे वळले. डबा कलला आणि आत काहीतरी सरकून धाडकन आपटलं.

"आयला! हे काय सुटलं आत?" काकांनी डबा टेबलावर ठेवला. "शुन, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ये रे. तू तर यातलाच."

युंग-शुन जागचा हलेना. त्याचे कान तापले होते. "काका, ते... ते मी..."

खण उघडल्याचा आवाज झाला. अ-पांनी नळकांडं गळ्याला टेकवलं.

"वीट आहे. मी ठेवली."

पेरूच्या फोडी घेऊन आलेली आई दारातच थबकली. काका त्या आवाजाने दचकले. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ते ओरडलेच, "वीट? मू-हुओ, डॉक्टरांनी घसा कापला की डोकं?"

अ-पांचे खांदे हसण्याने गदगदले. काका चार फोडी खाऊन, दुसरीकडे बघतो म्हणत रिकाम्या हाताने गेले.

अ-पा स्टूल घेऊन मागच्या खोलीत गेले. युंग-शुन मागोमाग गेला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"घरी आलो त्याच दिवशी. माझ्या डब्याची घरघर मला कळणार नाही?" अ-पांनी सप्लायच्या पेटीवर हात ठेवला. "मग उघडून बघितला. गाढवा, वीट माझ्याच बनियनमध्ये गुंडाळलीस."

युंग-शुनला हसू आलं नाही. "अ-पा, मला वाटलं होतं, तुम्ही आता गाणार नाही." इतके दिवस अडवून धरलेलं वाक्य बाहेर पडलं आणि त्याला रडू फुटलं.

अ-पा स्टूल पेटीजवळ सरकवून बसले.

"मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. "लाव."

युंग-शुनने डोळे पुसून बटण दाबलं. सप्लायची पेटी घरघरू लागली. अ-पा स्टुलावरून उठले. गळ्यावर ऑपरेशनची जागा झाकणारा जाळीचा रुमाल सारखा करून त्यांनी कॉलरचं बटण लावलं. घरघर स्थिरावू दिली. मग नळकांडं उचललं.

आधी डबा गायला. मग मू-हुओ.