लांब पल्ल्याची लेन्स

"शाळेच्या आवारातला फोटो काढायला एवढी लांब लेन्स? तू काय चंद्रावर उभा राहणार आहेस?" फोटोच्या दुकानाच्या मालकिणीने, गुद्रुनने विचारलं.

काउंटरवर नवशिक्यांसाठीचा एक डिजिटल कॅमेरा होता, कुणीतरी वर्षभर वापरून परत आणून दिलेला. त्याच्यासोबतची आखूड लेन्स गुद्रुनने पुढे सरकवली.

"घरच्या माणसांसाठी हीच बरी. फोटो काढायचा तर माणसाच्या जवळ जावं लागतं, एवढाच काय तो हिचा दोष."

"म्हणूनच नको," एइविंद म्हणाला.

गुद्रुनला कारण माहीत होतं. डेन्मार्कमधलं स्वेन्बोर्ग काही फार मोठं गाव नाही, आणि एइविंदचे रोल तर गेली एकोणीस वर्षं तीच धुवून देत होती. सुरुवातीच्या रोलांमध्ये त्याची मुलगी आल्बेर्टे फोटोत मावतच नसे. केकने माखलेले गाल, पडलेला दात, कपाळावर चिकटलेले केस. जुन्या कॅमेऱ्याला एकच साधी लेन्स होती आणि पोर कायम हाताच्या अंतरावर. काय दिवस होते ते. मग ती आठ वर्षांची असताना एइविंद घर सोडून गेला. दोन वर्षांनी त्याला शहाणपण सुचलं, तोवर त्याच्या बायकोने, विबेकेने दुसरा संसार मांडला होता आणि पोरीसमोर जायला याला तोंड उरलं नव्हतं. त्यानंतरच्या रोलांमध्ये शाळेचं मैदान होतं, चर्चचं आवार होतं, रस्त्यापलीकडची गर्दी होती, आणि त्यात कुठेतरी तांदळाएवढी आल्बेर्टे होती.

"मला एकदा तिचा चेहरा हवाय," तो म्हणाला. "उद्या तिची शेवटची परीक्षा. मग ती कोपनहेगनला जाईल, पुन्हा कुठे दिसायची."

गुद्रुनने लांब लेन्स काढली, कॅमेऱ्यावर चढवली आणि खट्कन फिरवून बसवली. "शटरचा वेग पाचशेच्या खाली आणू नकोस. ही लेन्स हाताची थरथर चौपट करून दाखवते. आणि तुझा हात उद्या थरथरणार, हे मी आत्ताच लिहून देते."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एइविंद शाळेसमोरच्या रस्त्यापलीकडे, उभ्या करून ठेवलेल्या सायकलींच्या रांगांमध्ये दबा धरून होता. दारापाशी आईबाप, आज्या, शेजारपाजारी झेंडे, गुलाब आणि बाटल्या घेऊन ताटकळत होते. तोंडी परीक्षा आटोपून एकेक मूल बाहेर येत होतं. शेवटची परीक्षा झाली की मिळणारी लाल पट्ट्याची पांढरी टोपी आपली आपण डोक्यावर घ्यायची नसते. आपल्या माणसाने घालायची असते, आणि ते कोण हे मुलानेच ठरवायचं असतं. विबेके टोपीचा डबा छातीशी धरून उभी होती. एइविंदची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. टोपीखालचा चेहरा तेवढा त्याला हवा होता.

दार उघडलं आणि आल्बेर्टे बाहेर आली.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. अकरा वर्षांनी तिच्या पापण्या दिसल्या. भुवईवर ती खोक होती, झोक्यावरून पडल्याची. तेव्हा तिला दवाखान्यात यानेच नेलं होतं, उचलून, स्वतः अनवाणीच. बटण दाबायचं राहूनच गेलं. आल्बेर्टेने आईला मिठी मारली, कानात काहीतरी सांगितलं. विबेकेने मान डोलावली. मग आल्बेर्टे वळली.

आता चेहरा थेट समोर होता आणि मोठा होत चालला होता. चौकटीत मावेना म्हणून एइविंदने लेन्स मागे फिरवली. तरी मावेना. त्याने आणखी फिरवली, पार शेवटपर्यंत. लेन्स घरघरत पुढेमागे होऊ लागली, सगळं पिठासारखं धूसर झालं, आणि बटण कितीही दाबलं तरी शटर पडेना. त्याने मनातल्या मनात गुद्रुनला चार शिव्या हासडल्या. नवशिक्यांची ही ठरलेली चूक असते. डोळ्याला कॅमेरा लावला की अंतराचं भान सुटतं. लांब पल्ल्याच्या लेन्सला हाताच्या अंतरावरचं काही दिसत नाही, पण हे तेव्हा त्याच्या डोक्यातच आलं नाही. चेहरा चौकटीत बसवायला तो दोन पावलं मागे सरकला आणि पाठीमागची एक सायकल धाडकन आडवी झाली.

"बाबा, मागे काय सरकतोस?"

कॅमेरा डोळ्यावरून काढायचं त्याला धाडस होईना. काचेतून नुसता एक पांढरट गोळा दिसत होता.

"मी... तू बोलावलं नव्हतंस," तो पुटपुटला. "मी जातो. तुझ्या आईला..."

"मुद्दामच नाही बोलावलं. बोलावलं असतं तर तू घाबरून आलाच नसतास. न बोलावता मात्र दरवर्षी येतोस. कधी झाडामागे, कधी कुणाच्या गाडीमागे. आणि एवढा उंच माणूस लपतो तरी कसा, मला कधी कळलंच नाही."

एइविंदला हसू फुटलं की रडू, ते त्याचं त्यालाच समजलं नाही. कॅमेरा मात्र त्याने तसाच धरून ठेवला होता, बुडणारा फळकूट धरतो तसा.

आल्बेर्टेने आईकडून आणलेल्या डब्यातून टोपी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"तो कॅमेरा ठेव आता खाली," ती म्हणाली. "टोपी दोन्ही हातांनी घालतात, बाबा."