कोरड पडल्यावरचा उखाणा

"माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास, दिगंबररावांसाठी भरला पहिला ग्लास."

लग्नात ऐकलेला हा उखाणा दिगंबररावांच्या मनगटातून पुन्हा उमटला. घामावरून तहान ओळखणारं कडं होतं ते. जाण्यापूर्वी कालिंदीबाईंनी त्यात आपला आवाज भरून ठेवला होता. तहान लागली की "अहो, पाणी प्या," आणि अंग अगदीच सुकलं की हा उखाणा. एरवी जन्मभर त्यांनी नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं.

"बाबा, आजही दुपारपर्यंत कोरडेच?" लेक वृंदा ताकाचा पेला घेऊन आली. "मूत्रपिंडं थकलीत, डॉक्टर सांगून दमले."

"तहानच लागत नाही गं."

"खोटं! आईचं 'अहो' मी स्वयंपाकघरातून पाचदा ऐकलं."

ते कड्यावरून बोट फिरवत राहिले. "'अहो' काय, रोजचंच. वेळेवर पाणी प्यायलो, तर ती नाव कशाला घेईल?"

वृंदाला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने कडं काढून घेतलं, त्यात काही बदल केले आणि पुन्हा त्यांच्या मनगटात चढवलं. "आता उलटं केलंय. पाणी पोटात गेलं तरच नाव, नाहीतर नुसतं 'अहो'."

त्यांनी ताक शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. थोड्या वेळाने मनगटातून उखाणा आला.

"तुम्ही घेतलंत कधी आईचं नाव?"

"मांडवात सगळे मागे लागले होते. लाजलो."

रिकामा पेला मांडीवर ठेवून ते कड्याजवळ वाकले.

"ताकात घातलं जिरं, वर कोथिंबीर, कालिंदीचं नाव घ्यायला झाला फार उशीर."