नव्याने रुजा

चर्चच्या रिट्रीटच्या, म्हणजे निवासी आध्यात्मिक शिबिराच्या, पहिल्याच दिवशी बारा जणांनी चपला काढल्या, प्रभूच्या सृष्टीचे आभार मानत मातीत हात घातले आणि एकेक रोप लावलं. "या रोपासारखे तुम्हीही नव्याने रुजा," असं फादर म्हणाले, तशा दोघीतिघी हमसून रडल्या.

आठवड्याने मंडळींच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि माळीकाका नेहमीसारखे खुरपं घेऊन आले. पुढच्या तुकडीसाठी तीच रोपं उपटून पुन्हा कुंड्यांत ठेवायची होती. अकरा निमूट निघाली. बारावं काही केल्या हलेना.

"फादर, यानं मूळ धरलंय हो. एवढं एक राहू द्या ना," काका अजीजीने म्हणाले.



"छाटा ते मूळ, काका! उद्या बारा जण रुजायला येतायत, अकरा नव्हे."