घरची वकीलबाई

“दार लोटून घ्या, वकीलबाई,” गोवर्धनभाऊ म्हणाले. सबीहानं दार लोटून घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

बाहेर अकोल्याचं भर दुपारचं ऊन. काळीधन सीड्सच्या गेटसमोर मूर्तिजापूरकडची माणसं सकाळपासून ठाण मांडून होती. पाऊस वेळेवर आला, पेरणी वेळेवर झाली, पण भाऊंचं सोयाबीन काही जमिनीतून वर आलं नाही. बियाण्याच्या पिशवीवर भाऊंचा हसरा फोटो छापलेला. आता तोंड लपवायचं म्हटलं तरी कुठं लपवणार बिचारे?

कृषी खात्यानं नमुने नेले होते, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला होता. त्यात पहिलं नाव भाऊंचं आणि दुसरं गोदाम सांभाळणाऱ्या शालिकरामचं.

“भाऊ, मनात काय असन ते देवराव वकिलांले सांगा,” सबीहा म्हणाली. “मले नका सांगू.”

“काहून? तो दहा घरचा माणूस. तुमी आपल्या घरच्या.” भाऊ हसले. “आन वकिलाच्या पोटातलं बाहेर येत नसते, तेवढं मले मालूम आहे.”

सबीहानं मांडीवरची फाईल मिटून बाजूला ठेवली. ती रोज बडनेऱ्याहून गाडी धरून यायची आणि कंपनीचे करार, नोटिसा, लेबलवरचा मजकूर, सगळं डोळ्यांखालून घालायची. गेटवरच्या वॉचमनपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळे तिला वकीलबाईच म्हणत. कोर्टात उभे राहायचे ते देवराव. ती आपली मागच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन बसायची. पुढं पुढं करत नाही, मिरवत नाही, म्हणून भाऊंचा तिच्यावर भारी जीव होता.

त्यामुळे भाऊंनी मन मोकळं केलं. यंदा बियाणं कमी पडलं आणि मागणी तर दारात उभी. मग बाजार समितीतून तेलगिरणीला जाणारं सोयाबीन उचललं, चाळणी मारली आणि पिशव्यांत भरलं.

“शालिकराम नाही म्हणत होता,” भाऊ म्हणाले. “लय आडवा आला बावा. मीच दम देल्ला, गुमान भर म्हणून.”

“मग आता?”

“आता त्यानंच परस्पर केलं, असं दाखवाचं. चौकशीचा अहवाल तुमी लिहा.”

“त्याले जेल होईन, भाऊ.”

“त्याच्या जमुनाले, लेकराइले मी पाहीन ना. मी आत गेलो तं कंपनी बसते. मंग इथल्या सगळ्याइनं कुठं जावं?”

सबीहानं ओढणी सारखी केली. “गेटवर बसलेल्या त्या चंदाबाईच्या वावरात मी उभी राहून आली. रिकामं वावर पाहून मले शरम वाटली, भाऊ. खरं सांगून टाकू. लोकाइले भरपाई देऊ. मी आजच मसुदा करते.”

भाऊंचा चेहरा उतरला. पोरगी आपल्यालाच शहाणपण शिकवते, याचा त्यांना राग आला. पण रागावून कामं होत नाहीत, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं.

“जाऊ द्या, अहवाल मॅनेजर लिहीन,” ते सावकाश म्हणाले. “तुमी कोर्टात एवढंच सांगा, का गोदामातल्या मालाची जबाबदारी शालिकरामवर होती. हे तं खोटं नाही ना?”

“हे खरं आहे.”

“मग झालं तं.”

“भाऊ, मले साक्षीले नका बोलावू.”

“तुमच्यासारखं साफ माणूस मले दुसरं कोण भेटते?” भाऊ म्हणाले आणि चहा मागवला.

खटला उभा राहिला त्या दिवशी कोर्ट भरलं होतं. शालिकराम खाली मान घालून उभा होता. दाराशी त्याची बायको जमुना पदराचं टोक चावत होती. भाऊंना वाईट वाटलं नाही असं नाही. पण आपली मान सोडवायची तर दुसऱ्या कुणाची तरी द्यावी लागणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

भाऊंच्या बाजूनं सबीहाला साक्षीला बोलावलं. देवरावांनी विचारलं, तिनं सांगितलं. होय, गोदामाची जबाबदारी शालिकरामवर होती. बस्स, एवढंच. देवराव समाधानानं खाली बसले.

मग शालिकरामचा वकील उलटतपासणीला उठला. “हा माल कुठून आला, याबद्दल गोवर्धनभाऊ तुमच्याशी कधी काही बोलले?”

“बोलले.”

“काय बोलले?”

देवराव ताडकन उठले. “हरकत आहे, साहेब. अशील आपल्या वकिलाला जे सांगतो, ते त्याच्या परवानगीशिवाय कुणालाच विचारता येत नाही. कोर्टालाही नाही.”

जमुनाच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊ मात्र मागं रेलले. अहो, एवढा कायदा त्यांनाही ठाऊक होता. त्यांनी खिशातून सुपारी काढून तोंडात टाकली.

“हरकत रास्त दिसते,” न्यायाधीश म्हणाले. “बाई, तुम्ही यांच्या वकील आहात ना?”

सबीहानं एकवार भाऊंकडे पाहिलं.

“नाही, साहेब,” ती म्हणाली. “पगारी नोकराला वकिली करता येत नाही. कंपनीत रुजू झाले त्याच आठवड्यात मी माझी वकिलीची सनद बार कौन्सिलकडे जमा केली. लोक प्रेमानं वकीलबाई म्हणतात, पण कायद्यानं मी भाऊंची नुसती नोकर आहे. विचाराल ते मला सांगावंच लागेल.”