परत आलेला पेनड्राइव्ह

फैजपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढतात. त्या सकाळी रोपांची खोली थंड ठेवणारा प्रोग्राम उघडेना. पडद्यावर एकच ओळ होती: एक फाइल सापडत नाही.

अशी फाइल एकाच प्रोग्रामची नसते. अनेक प्रोग्राम मिळून ती वापरतात. दुसरा एखादा प्रोग्राम काढून टाकताना ती पुसली गेली असावी. खोली तापू लागली होती. दुपारपर्यंत सगळी रोपं माना टाकणार होती.

कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तीच फाइल होती. मी पेनड्राइव्हवर तिची प्रत घेतली आणि इकडच्या कॉम्प्युटरवर टाकली. प्रोग्राम सुरू झाला, गार हवा वाहू लागली.

मागे वळले, तर जुन्या कॉम्प्युटरवर तीच ओळ. मी तर फक्त प्रत घेतली होती.

बाटल्या धुणाऱ्या तानुअक्का हसल्या. "इतकी शिकेल तू, आन शेजारनीचं भांडं घेऊन बसली का वं? परत दे ना. रिकामं देऊ नही."

"अक्का, हा कॉम्प्युटर आहे, साखरेची वाटी नाही."

तरी मी पेनड्राइव्हवरची फाइल हलवून तिकडे ठेवली. तिथली ओळ गेली. रिकामा पेनड्राइव्ह काढून इकडे लावला.

तो रिकामा नव्हता. त्यात आमच्याच खोलीचा एक फोटो होता, आणि फोटोतल्या प्रत्येक बाटलीत एकेक नवं, हिरवंगार पान उलगडलेलं होतं.

मी काचेतून आत पाहिलं. सगळे कोंब अजून मिटलेलेच होते.