वाटाड्या आला

दोरशिडीच्या शेवटच्या पायरीवर त्याचा हात पडला आणि वरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाटाड्या दचकला. परकी जहाजं बंदरात आणता आणता त्याचे केस पिकले होते. पाण्याखालचा खडक न् खडक त्याला घरच्या पायऱ्यांसारखा पाठ होता. पण त्याच्या येण्याला टाळ्या आजवर कुणी वाजवल्या नव्हत्या.

डेकवर माणसंच माणसं. भरसमुद्रात बुडत्या होड्यांतून उचललेली, आता कुठल्याच गावची नसलेली. पाय ठेवायला जागा नव्हती, तरी त्याच्यासाठी वाट झाली. एका म्हातारीने त्याची बाही चाचपून पाहिली, खरा आहे की भास म्हणून. एक बाई लेकीच्या खाऱ्या, गुंतलेल्या केसांतून फणी ओढत होती. एक बाप आरशाशिवाय दाढी करत होता. बोचकी बांधून झाली होती. समुद्रावर चार दिवस काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं, वाटाड्या आला म्हणजे बंदर आलं.

कमरेचा वायरलेस खरखरला. बंदराचा साहेब. एका बाकावर शिकलेला त्याचा जुना दोस्त.

"चढलास?"

"चढलो."

"लक्षात आहे ना? वादळ यायच्या आत खडकांतून सोडवायचं, वळणावरून सरळ बाहेर काढायचं. आपली हद्द संपली की तू उतर."

"अरे, पण यांना वाटतंय..."

"यांना काय वाटतं ते जगाच्या पंचायतीने बघावं. बसलीय ना तिकडे, फर्मान काढून. म्हणे जवळच्या बंदराने यांना घ्यावं! फर्मान काढायला काय जातं? ताटं आपण वाढायची. मागच्या जहाजाची माणसं अजून शाळेत झोपतात, आणि तुझी नातवंडं झाडाखाली शिकतात." साहेबाचा आवाज जरा उतरला. "परवा सभेत, यांना घ्यायचं नाही म्हणून, हात वर केलास ना? का मी धरून केला होता तुझा?"

"मीच केला होता."

"मग झालं तर."

वर सुकाणूच्या खोलीत कप्तानाने स्वतःची खुर्ची पुसून पुढे केली. "या, या! देवासारखे आलात. घ्या, चहा घ्या. शेवटचा आहे, तुमच्यासाठीच राखला होता. धक्क्याला बांधायचे दोरही काढून ठेवलेत. कुठल्या अंगाने लावायचं तेवढं सांगा."

वाटाड्याने कप तोंडाला लावला. तोंडात चहा असला की बोलावं लागत नाही.

नांगर वर आला. "जरा डावीकडे," तो सांगू लागला. "बास. आता सरळ. हळू, हळू." सुकाणू दुसऱ्याच्या हातात, शब्द त्याचा. डाव्या हाताला काळा खडक गेला, उजव्या हाताला लाटेखालचा गेला, आणि समोर गाव उघडलं. पांढऱ्या भिंती, शाळेचं छप्पर, त्याच्या स्वतःच्या घराची निळी खिडकी. खाली डेकवर कुणी बाई गुणगुणू लागली. शब्द त्याला कळत नव्हते. चाल मात्र कुठल्याही आईची असते तशीच, अर्ध्यावर थांबणारी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी.

वळण आलं. डावीकडे धक्का, उजवीकडे उघडं पाणी. सुकाणूवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. वाटाड्या सांगेल तिकडे जहाज, तिथे ना साहेबाचा हात पोचत होता ना पंचायतीचा.

"उजवीकडे," तो म्हणाला.

"उजवीकडे?" कप्तान.

"आत पाणी कमी आहे."

धक्क्याला एक मालाचं जहाज लागलेलं होतं, याच्या दुपटीचं. कप्तानाने त्याच्याकडे पाहिलं, मग वाटाड्याच्या हातातल्या रिकाम्या कपाकडे.

"त्याला बरं पाणी पुरलं," तो हळूच म्हणाला. आणि सुकाणूवाल्याला, "ऐकलंस ना? वाटाड्या सांगतोय तिकडे."

जहाज फिरलं. वाटाड्याने कप टेबलावर ठेवला आणि आरडाओरड्याची वाट पाहिली. तो झाला नाही. नाकासमोरचं गाव बाजूला सरकलं, तशी खालची माणसंही सरकली. कडेवर पोरं, काखेत बोचकी, एकमेकांना न ढकलता सगळी डाव्या कठड्याशी जाऊन उभी राहिली, गाव नजरेआड होऊ नये म्हणून. टेबलावरचा कप आपोआप घसरत गेला आणि डाव्या कडेला जाऊन टेकला. वाटाड्याने खुर्ची धरली. वाऱ्याने कललेलं जहाज त्याने पाहिलं होतं, लाटेने कललेलंही. माणसांच्या बघण्याने कललेलं जहाज हे पहिलंच.

हद्दीशी त्याला न्यायला लाँच आली. जहाज डाव्या अंगाला झुकल्यामुळे त्या बाजूची दोरशिडी अधांतरी लोंबकळत होती. पायाला पायरी सापडेना. तेवढ्यात वरून कुणीतरी त्याचं मनगट धरलं. फणीवाली बाई होती. दुसऱ्या कुणी त्याचा खांदा धरला, बापाने शिडीचा दोर दोन्ही हातांनी ताणला. पायाखाली लाँच लागेपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही.

संध्याकाळी वारा सुटला. खिडकीची तावदानं हलायला लागली, तसा तो लावायला उठला. भिंतीला हात टेकत, एकेक पाऊल जपून टाकत.

"अहो," चुलीशी बसलेली बायको म्हणाली, "असं काय एका अंगावर कलून चालताय? जमीन आहे ही."