घोटभर पाणी

काटा खाली आला आणि पंपघरात टाळ्या पडल्या. बेलापूरच्या ऑफिसातून आलेली मंडळी वाकून वाकून दाबाचा काटा बघत होती. अबोलीही बघत होती, पण तिचे हात काही टाळीला उठेनात. तिच्या तोंडात अजून खारट चव होती.

मंडळी यायच्या जरा आधी तिने नळाखाली ओंजळ धरून घोट घेतला होता. सवयच तिची. समुद्राचं पाणी गोडं करणारा हा द्रोणागिरीजवळचा छोटा प्लांट, आणि त्यातली नवी गाळणी तिची. म्हणजे तिनेच सुचवलेली, तिनेच भांडून बसवून घेतलेली. खाडीचं पाणी म्हणजे अर्धा चिखलच. तो मीठ अडवणाऱ्या पडद्यावर जाऊन बसतो, मग पाणी पलीकडे ढकलायला पंपाला जीव खाऊन जोर लावावा लागतो आणि विजेचा नुसता धुरळा होतो. पाणी आधीच बारीक गाळून दिलं तर पडदा स्वच्छ राहील, जोर कमी लागेल, वीज वाचेल. पीठ चाळून घ्यावं, इतकी साधी गोष्ट.

ती साधी गोष्ट वरच्यांच्या गळी उतरवताना दिनानाथसरांच्या मात्र नाकी नऊ आले. प्लांट त्यांच्या ताब्यात. एवढी वीज खातो म्हणून तो बंद करायची भाषा वर चालली होती, आणि सर या महिन्यात रिटायर होणार होते. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं या शेडमध्ये घातली, त्यानेच जाताना कुलूप लावायचं? अबोलीला ते बघवलं नसतं. ती इथल्याच गावची, नुकती कुठे इंजिनिअर झालेली. तिला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं तेव्हा सरांनी तिच्यावर भरवसा टाकला होता.

आणि गाळणी चालली की हो! काल संध्याकाळपर्यंत वीज पाचव्या हिश्श्याने कमी, पाणी गोड. अबोलीच्या आईने तर बाटली भरून नेऊन आळीत घोट घोट वाटलं होतं. माज्या पोरीनं केलंय पानी, पिऊन बगा गो, असं सांगत घरोघर फिरली. पाचवा हिस्सा म्हणजे काही चेष्टा नाही.

आज काटा त्याच्याही खाली, थेट निम्म्यावर आला. कोणालाही आनंद व्हावा. पण तो घोट तोंडात गेला आणि अबोलीने ओळखलं. पडदा फाटला होता. फाटक्या पडद्यातून पाणी जायला जोर लागतो कशाला? मिठासकट बिनदिक्कत चाललं होतं. चव तपासणारा मीटर पलीकडच्या टाकीवर बसवलेला, टाकीत अजून कालचंच गोड पाणी, त्यामुळे तो शहाण्या बाळासारखा गप्प.

दोष गाळणीचा नव्हताच. पडदा जुना होता, कधी ना कधी जायचाच. आठवड्याभरात नवा बसला असता. पण आज, या मंडळींसमोर सांगायचं? प्लांट बंद करायला त्यांना निमित्तच हवं होतं. फाटला म्हणजे तुमच्या गाळणीनेच फाटला, असं म्हणून मोकळे झाले असते.

मंडळींच्या प्रमुख संघमित्रा मॅडम. त्यांनी आकडा टिपून घेतला. टेबलावर पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाणी मांडलं होतं, सगळे तेच पीत होते. नळाखाली ग्लास धरावा असं एकाच्याही मनात आलं नाही. धन्य ते लोक! निघता निघता मॅडमनी सहज विचारलं, पाण्याची चव वगैरे ठीक आहे ना?

 सर अबोलीकडे वळले.

"अबोली, तू चाखलंस ना पाणी? कसं आहे, सांग मॅडमना."

सर तिच्याकडे टक लावून बघत होते. आज ते दाढी करून, ठेवणीतला शर्ट घालून आले होते. केवढ्या विश्वासाने विचारतायत, असं वाटून तिचा जीव तुटला.

"गोड आहे, सर."

सरांनी मान खाली घातली. मॅडम खूश झाल्या. हा प्लांट बंद होणार नाही, उलट पुढे मोठा प्लांट होईल तो याच गाळणीचा, आणि तिथेही वीज निम्मीच लागली पाहिजे, आता हाच आकडा धरून चालायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.  कालचा पाचवा हिस्सा खरा होता, आणि त्याला आता कोणी भीक घालणार नव्हतं. नवा पडदा बसेल, पाणी गोड होईल, काटा वर जाईल आणि लोक म्हणतील, गाळणी फसली. आपल्या हाताने तिने आपल्याच कामाच्या पायावर धोंडा पाडला होता.

गाड्या फाटकाबाहेर पडल्या तशी ती धावली. गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, पंप बंद केला. मग सरांसमोर येऊन उभी राहिली आणि तिचा बांध फुटला. पडदा फाटलाय, पाणी खारट आहे, मला आधीपासून माहीत होतं, सगळं एका दमात बोलून गेली. तुम्हाला मान खाली घालून जाताना मला बघवलं नसतं, म्हणून खोटं बोलले. तुम्ही भरवशाने विचारलंत आणि मी तुम्हालाच फसवलं. 

सरांनी शून्यावर आलेल्या काट्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू यायच्या आधीच मी घोट घेतला होता, पोरी," ते म्हणाले. "गोड आहे म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून तर तुला विचारलं."